पंखा बंद केल्यावर ऊर्जा कुठे गेली?

विज्ञानाच्या पेपरात एक प्रश्न हमखास येतो. डावीकडे पंखा, इस्त्री, बल्ब, सौरचूल, फटाका अशी यादी आणि उजवीकडे रिकामी जागा: 'कोणत्या ऊर्जेचे कोणत्या ऊर्जेत रूपांतर होते ते लिहा.' मुलं धडाधड लिहितात. पंखा: विद्युत ऊर्जेचे यांत्रिक ऊर्जेत. इस्त्री: विद्युत ऊर्जेचे उष्णता ऊर्जेत. पूर्ण गुण. मग घरी एखाद्या मुलाला सहज विचारावं, 'पंखा बंद केला, पाती थांबली. आता ती यांत्रिक ऊर्जा कुठे गेली?' मूल गप्प. विचारणाऱ्यालाही बहुतेक वेळा उत्तर ठाऊक नसतं.

'ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही' हे वाक्य त्याच पाठात असतं, पाठही असतं. म्हणजे ती कुठेतरी असणार. रूपांतराचा धडा खरा इथून सुरू होतो. तक्त्यातला एक बाण म्हणजे लांब साखळीची एकच कडी आहे आणि तेवढीच घोकली की साखळी कधी दिसत नाही.

ऊर्जेची व्याख्या पुस्तकात 'कार्य करण्याची क्षमता' अशी असते. ती चूक नाही, पण दहा-अकरा वर्षांच्या मुलाला तिचा फारसा उपयोग होत नाही. ऊर्जा कोणी पाहिलेली नाही. दिसतात ते बदल. एखादी वस्तू वेगात आली, उंचावर गेली, तापली, ताणली गेली, जळली, उजळली. यातला प्रत्येक बदल मोजता येतो आणि सगळी मोजमापं एकाच एककात मांडता येतात. ते एकक म्हणजे ज्यूल. एक किलो साखरेची पिशवी जमिनीवरून एक मीटर उचलली की तिची ऊर्जा ९.८ ज्यूलने वाढते. विजेच्या बिलावर जे 'युनिट' असतं, त्यात ३६ लाख ज्यूल असतात. मुलांना हे दोन आकडे शेजारी ठेवून दाखवावेत. एका युनिटमध्ये किती पिशव्या किती उंच उचलता येतील, याचा हिशोब ती स्वतःच मांडू लागतात.

गतिज, स्थितिज, उष्णता, ध्वनी, प्रकाश, रासायनिक, विद्युत ही रूपांची यादी म्हणजे त्या बदलांना दिलेली सोयीची नावं. ती एकमेकांपासून काटेकोर वेगळी नाहीत. यांत्रिक ऊर्जा म्हणजे गतिज आणि स्थितिज यांची बेरीज. ध्वनी म्हणजे हवेच्या कणांची पुढे सरकत जाणारी थरथर, म्हणजे तिथेही हालचालच. उष्णता हाही बराचसा कणांच्या अस्ताव्यस्त धावपळीचाच भाग. त्यामुळे एखाद्या मुलानं 'शिट्टी: गतिज ऊर्जेचे ध्वनी ऊर्जेत' असं लिहिलं आणि दुसऱ्यानं 'यांत्रिक ऊर्जेचे ध्वनी ऊर्जेत', तर एकाचा अर्धा गुण कापणं मला पटत नाही.

कोयनेचं पाणी धरून चला

साखळी म्हणजे काय ते कळायला महाराष्ट्रात कोयनेइतकं चांगलं उदाहरण नाही. कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेकडे वाहत येते, मग पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. तिला मोकळं सोडलं तर तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जाईल. साताऱ्याच्या पाटण तालुक्यात कोयनानगरला धरण बांधून शिवसागर जलाशयात ते अडवलं, आणि त्यातलं बरंचसं सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांमधून उलट्या दिशेला, पश्चिमेला, कोकणात सोडलं. पोफळीच्या बाजूला डोंगराच्या आत वीजघरं आहेत. तिथे पोचेपर्यंत पाणी सुमारे ४७५ मीटर खाली येतं. मग ते कोळकेवाडीच्या जलाशयात जातं, तिथून खाली येताना पुन्हा वीज देतं, वाशिष्ठी नदीला मिळतं, चिपळूणवरून दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्रात जातं. सगळे टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे.

आता उलटं चालत जाऊ. पाणी खाली पडून चक्र फिरवतं, कारण ते उंचावर होतं. उंचावर ते नेलं कोणी? पंपानं नाही. अरबी समुद्रावर ऊन पडलं, पाण्याची वाफ झाली, नैऋत्य मोसमी वाऱ्यानं ती सह्याद्रीपर्यंत ढकलली, घाटाला अडून हवा वर चढली, थंड झाली आणि नवजा-महाबळेश्वरला धो-धो कोसळली. वारासुद्धा उन्हामुळेच वाहतो. म्हणजे साखळी अशी: सूर्याचा प्रकाश, त्यातून उष्णता, मग वाफेचं वर चढणं, जलाशयातली स्थितिज ऊर्जा, बोगद्यातली गतिज ऊर्जा, टर्बाइनचं फिरणं, जनित्रातली वीज आणि शेवटी घरातला पंखा. समुद्रातून निघालेलं पाणी वळसा घालून पुन्हा त्याच समुद्रात गेलं. वाटेत त्याची ऊर्जा तेवढी आपण काढून घेतली. घाटाच्या उताराचा असा वापर महाराष्ट्रात जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांसाठी खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं.

आकडे घालून बघितलं की हे चित्र जास्त पक्कं बसतं. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो. ते ४७५ मीटर खाली आलं तर १,००० × ९.८ × ४७५, म्हणजे साधारण साडेशेहेचाळीस लाख ज्यूल. युनिटमध्ये सव्वाच्या थोडं वर. बोगद्यात घर्षण होतं, यंत्रं थोडी तापतात, त्यामुळे प्रत्यक्ष हाती एक युनिटपेक्षा जरासं जास्त येतं. गच्चीवर जी काळी टाकी असते तेवढं पाणी जवळजवळ अर्धा किलोमीटर खाली पाडायचं, तेव्हा एक युनिट.

तीच टाकी चार मजली इमारतीच्या गच्चीवर, १५ मीटरवर असेल तर? दीड लाख ज्यूलसुद्धा नाही. एक युनिट मिळवायला अशा निदान २५ टाक्या रिकाम्या कराव्या लागतील, तेही काहीच वाया गेलं नाही असं धरून. व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरणारे 'फुकट विजेचे' व्हिडिओ तपासायला एवढा हिशोब पुरतो. पंपानं पाणी वर चढवा, खाली सोडताना छोटं टर्बाइन फिरवा, त्या विजेवर तोच पंप चालवा, असं काहीतरी त्यात दाखवतात. वर चढवताना जेवढी ऊर्जा घातली, त्याहून जास्त खाली येताना मिळणार नाही. घर्षणामुळे कमीच मिळेल. सहावीतलं मूल हे कागदावर दाखवू शकतं.

गंमत म्हणजे अगदी असंच काम करणारं एक मोठं वीजघर आपल्याकडे आहे. घाटघरच्या २५० मेगावॉट प्रकल्पात खालच्या जलाशयातलं पाणी पंपानं वर नेतात आणि मग ते खाली सोडून वीज करतात. घातलेल्या विजेपेक्षा मिळणारी वीज कमीच असते. तरी तो तोट्याचा धंदा नाही. विजेची मागणी कमी असते तेव्हा पाणी वर चढवायचं आणि मागणी शिगेला असते तेव्हा उतरवायचं, एवढाच त्याचा उद्देश. तो विजेचा कारखाना कमी आणि कोठार जास्त.

पाणी पडलं, पण चक्रच नसेल तर?

समजा तेच पाणी ४७५ मीटरच्या कड्यावरून सरळ खाली दगडांवर आपटलं. वीज नाही, चक्र नाही. मग ऊर्जा गेली कुठे? धबधब्याचा आवाज होतो, पण आवाजात जाणारा वाटा अगदी किरकोळ असतो. बाकी जवळजवळ सगळी पाण्याची आणि आसपासच्या हवेची उष्णता होते. ती सगळी पाण्यातच राहिली असं मानलं तर त्याचं तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसनं वाढेल. प्रत्यक्षात वाऱ्यानं आणि बाष्पीभवनानं ते जाणवत नाही.

खळबळ केली की पाणी तापतं, हे मोजून दाखवणारा माणूस म्हणजे इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळचा जेम्स प्रेस्कॉट ज्यूल (१८१८–१८८९). घरचा धंदा बिअर गाळण्याचा. त्या काळी उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे, तो गरम वस्तूतून थंड वस्तूत वाहतो, अशी समजूत होती. १८४० च्या दशकात ज्यूलनं एका भांड्यात पाणी घेतलं, त्यात पाती असलेला दांडा बसवला आणि दोरीला टांगलेली वजनं खाली सोडून तो दांडा फिरवला. वजनं किती खाली आली ते मोजलं, पाणी किती तापलं तेही मोजलं. पाणी तापायचं ते एका अंशाच्या लहानशा भागानं, त्यामुळे सगळी मदार तापमापीवर होती. खाली आलेल्या वजनाचा आणि वाढलेल्या उष्णतेचा हिशोब प्रत्येक वेळी एकाच प्रमाणात जुळला. आजच्या भाषेत ते प्रमाण असं: एक कॅलरी म्हणजे जवळजवळ ४.२ ज्यूल. बिस्किटाच्या पुड्यावर 'किलोकॅलरी' आणि विजेच्या बिलावर 'युनिट' छापलेलं असतं. ते दोन्ही एकाच वस्तूचं माप आहे हे आपण म्हणू शकतो ते या प्रयोगामुळे.

घरी याची झलक घेता येते. प्लास्टिकच्या बरणीत अर्ध्यापर्यंत कोरडी वाळू भरा, तापमापीनं तापमान बघा, बरणी जाड कापडात गुंडाळा (नाहीतर हाताचीच ऊब मोजाल) आणि दोन-तीन मिनिटं जोरात हलवा. पुन्हा मोजा. किंवा याहून सोपं: रुंद रबर बँड झटकन ताणून लगेच वरच्या ओठाला लावा. तो कोमट लागतो. ताणलेला तसाच थोडा वेळ धरून ठेवा, मग सैल सोडून पुन्हा ओठाला लावा. आता गार लागेल.

आता पंख्याकडे येऊ. पाती हवेला ढकलतात, हवा खोलीभर फिरते, भिंतींवर आणि स्वतःच्याच थरांवर घासत मंदावते. मोटारही तापते. म्हणजे ७५ वॉटचा पंखा तासभर चालला तर जे पावणेतीन लाख ज्यूल विजेतून आले, ते जवळजवळ सगळे खोलीतल्या उष्णतेत जमा होतात. बंद, रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवला तर खोली थंड होत नाही, किंचित तापते. आपल्याला गार वाटतं ते घाम लवकर सुकतो म्हणून. तक्त्यात 'विद्युत ऊर्जेचे यांत्रिक ऊर्जेत' लिहिलं तर बरोबरच, पण शेवटचा बाण उष्णतेकडे जातो.

नष्ट होत नाही, मग वाचवायची कशाला?

वर्गात हा प्रश्न एखादं मूल विचारतंच. पुढच्या पानावर 'ऊर्जा बचत' हा भाग असतो आणि आधीच्या पानावर 'ऊर्जा नष्ट होत नाही'. मुलाची शंका अगदी रास्त आहे आणि 'पुढे शिकशील' म्हणून ती मारून नेऊ नये.

घागरभर पाणी अंगणात सांडलं तर पाण्याचा थेंबही नष्ट झालेला नसतो, पण त्यातून तांब्या भरून पिता येत नाही. ऊर्जेचं तसंच होतं. जलाशयात ती एका जागी, उंचावर, हवी तेव्हा काढता येईल अशी साठलेली असते. खोलीच्या हवेत जरासा वाढलेला उबारा झाली की ती तेवढीच असते, पण पसरलेली. तो उबारा गोळा करून पुन्हा पंखा फिरवता येत नाही. दर रूपांतरात थोडी ऊर्जा अशी पसरट उष्णता होते आणि ही वाट जवळपास एकेरी आहे. आपण जी 'वाचवतो' ती ही वापरण्याजोगी अवस्था.

म्हणूनच उष्णतेतून वीज काढणं महाग पडतं. कोयनेत पाण्याची सरळ हालचाल चक्राच्या हालचालीत जाते, त्यामुळे चांगल्या टर्बाइनमध्ये दहातले नऊ हिस्से विजेपर्यंत पोचू शकतात. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात (क्षमता २,९२० मेगावॉट) आधी कोळसा जाळून उष्णता करावी लागते, तिच्यापासून वाफ, वाफेनं चक्र. अशा केंद्रात कोळशातल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भागच वीज होतो. बाकीचा धुराड्यातून आणि शीतकरण मनोऱ्यांच्या वाफेतून आकाशात जातो. यात अभियंत्यांचा दोष नाही. पसरत चाललेल्या उष्णतेतून नीटनेटकी हालचाल काढायची म्हणजे मोठा हिस्सा सोडावाच लागतो.

आणि ती वीज आपण बाथरूमच्या गीझरमध्ये घालून पुन्हा उष्णता करतो! वीस लिटरची बादली २५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायला सुमारे पावणेसतरा लाख ज्यूल, म्हणजे जवळजवळ अर्धा युनिट लागतो. कोयनेच्या भाषेत बोलायचं तर एका बादलीसाठी ४०० लिटर पाणी अख्ख्या घाटावरून खाली सोडावं लागतं. चंद्रपूरच्या भाषेत, पाण्यात तीन वाटे उष्णता घालायला कोळशाचे नऊ वाटे जाळायचे. गच्चीवरचा सौर जलतापक मला म्हणूनच सरस वाटतो. तिथे ऊन थेट उष्णता होतं, मध्ये कोणी नाही. सौर जलतापक आणि सौर पॅनल यांची मुलं गल्लत करतात, मोठेही करतात. पॅनलमध्ये प्रकाशाची थेट वीज होते, उष्णतेचा टप्पा मध्ये येत नाही. उलट पॅनल तापलं की वीज कमी मिळते.

दिव्यांचीही गोष्ट तीच. जुना ६० वॉटचा तारेचा बल्ब जेवढा उजेड देई, तेवढा आज ९ वॉटचा एलईडी देतो. उरलेले पन्नासएक वॉट बल्ब निव्वळ खोली तापवण्यात घालवत होता. तक्त्यात दोघांचं उत्तर एकच, 'विद्युत ऊर्जेचे प्रकाश ऊर्जेत', आणि हाच त्या तक्त्याचा तोकडेपणा. 'किती' हा प्रश्न तो विचारतच नाही.

सिंहगड चढताना

आपलं शरीरही या साखळीतच येतं. प्रौढ माणूस दिवसाला साधारण दोन हजार किलोकॅलरी खातो. म्हणजे ८४ लाख ज्यूल, सव्वादोन युनिटच्या थोडं वर. चोवीस तासांत वाटलं तर सरासरी शंभरेक वॉट. झोपेतही हृदय, मेंदू, यकृत चालूच असतात आणि अंग कोमट राहतं ते त्यामुळेच.

आतकरवाडीतून सिंहगड चढलं की सुमारे ६०० मीटर उंची वाढते. ४० किलोच्या मुलाची स्थितिज ऊर्जा त्यामुळे २ लाख ३५ हजार ज्यूलने वाढली. ऐकायला मोठा आकडा, पण किलोकॅलरीत तो फक्त ५६. आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा पाव ते पाचवा हिस्साच हालचालीत आणतात, म्हणून प्रत्यक्षात खर्च अडीचशेच्या आसपास. उरलेली उष्णता घामावाटे बाहेर. वर पोचल्यावर पिठलं, दोन भाकऱ्या आणि मडक्यातलं दही खाल्लं की सगळी वसुली होऊन वर जमाच राहते. गड चढून वजन उतरवू पाहणाऱ्यांना हा हिशोब सांगू नये.

खाली उतरताना मात्र मुलांना विचारावं: वर साठवलेली स्थितिज ऊर्जा आता कुठे चालली? पोटात परत भाकरी होऊन तर येत नाही. पावलागणिक मांड्या आणि गुडघे ती अडवतात, तिची उष्णता करतात. उतरताना मांड्या भरून येतात त्या या अडवण्यानं.

भाकरीतली ऊर्जा ज्वारीच्या ताटानं उन्हातून घेतली होती. इथेही साखळीचं दुसरं टोक सूर्यच निघतो. कोळसा कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचा, म्हणजे तोही जुनं ऊन. बैलाची ताकद कडब्यातून, पवनचक्कीचा वारा उन्हातून. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे अणुकेंद्रक जुळून हेलियम बनतं आणि त्यातून ऊर्जा सुटते, म्हणजे मूळ रूप अणुऊर्जेचं. मुलांना ही उलटी वाट एकदा सापडली की ती सगळ्याच गोष्टी सूर्यापर्यंत नेऊन पोचवतात, आणि बहुतेक वेळा बरोबर असतात.

बहुतेक वेळा, सगळ्या वेळी नाही. तारापूरला १९६९ पासून वीज मिळते ती युरेनियमच्या केंद्रकातून. ते युरेनियम आपल्या सूर्यानं बनवलेलं नाही. भरती-ओहोटीमागे मुख्यतः चंद्राचं आकर्षण आणि पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं आहे. वज्रेश्वरीच्या किंवा उन्हवऱ्याच्या गरम कुंडांतलं पाणी पावसाचंच असतं, म्हणजे ते जमिनीवर सूर्यानं आणलेलं. पण त्याची ऊब जमिनीच्या पोटातून येते. तिथली साखळी काढायला सांगितली तर पाण्याचा बाण एकीकडून आणि उष्णतेचा दुसरीकडून काढावा लागेल.